चार वीत वात

बारावीच्या गणिताच्या वर्गात सुरुवातीला अकरा जण होते. पहिल्या चाचणीनंतर सात उरले, आणि कॅल्क्युलस सुरू झाल्याबरोबर आणखी दोघांना एकाएकी साक्षात्कार झाला की आपला कल मुळी भाषेकडे आहे. राहिलेल्या पाचांत मास्तरीण होती. हे काही तिचं खरं नाव नव्हे. बापाच्या कामावरच्या माणसांनी चिडवायला म्हणून ते लावलं होतं, आणि आता घरातही तेच चालायचं. वर्ग सकाळी सातला, शाळेच्या माडीवर, मोडकी बाकं टाकायच्या खोलीत भरे. सर निवृत्तीला टेकलेले. पाच पोरांना शिकवतानाही पन्नासांना पुरेल एवढा आवाज लावत आणि अवघड गणित सुटलं की स्वतःच खूश होऊन हात झटकत. खडूची भुकटी पहिल्या बाकावर बसणाऱ्या मास्तरणीच्या वहीवर पडायची.

घरचा धंदा विहिरी खोदायचा. विहिरीच्या काठावर यारी उभी राहायची: एक उंच लोखंडी खांब, त्याला आडवा हात, मागे डिझेलचं इंजिन आणि इंजिनाने फिरणारा ढोल. ढोलावर तारेचा जाड दोर गुंडाळलेला, दोराच्या टोकाला लोखंडी पाळणा. फोडलेला दगड त्या पाळण्यातून वर यायचा आणि माणसंही त्यातूनच वर-खाली करायची. मास्तरणीचा बाप, ज्याला सगळे उस्ताद म्हणत, खाली सुरुंग भरायचा. थोरला भाऊ वर इंजिन सांभाळायचा. आई दोन बायकांना घेऊन वर आलेला पाळणा रिता करायची. शाळा सुटली की मास्तरीणही तिथेच, आईच्या हाताखाली.

त्या साली सगळीकडचं पाणी खाली गेलं. बागवाल्याची विहीर आठ पुरुष खोल होती, म्हणजे आठ माणसं एकावर एक उभी राहावीत एवढी, आणि तळाला नुसता ओला वास उरला होता. झाडांची पानं कडेकडेने करपायला लागली होती. तेरा पुरुषांवर झरा लागेल असं उस्तादाने दगडाचा रंग बघून सांगितलं होतं. बागवाला रोज सकाळी काठावर यायचा, आत एक खडा टाकायचा आणि कान द्यायचा. आवाज कोरडाच यायचा.

काम अडत होतं ते वातीपायी. सुरुंगाची वात, ज्याच्या नावावर सुरुंगाचा सरकारी परवाना होता त्या परवानेवाल्याकडून यायची, आठवड्याला एक भेंडोळं, त्याच्या वर बोटभरही नाही. उस्ताद दगडात पाडलेल्या दर भोकाला सात वीत वात ठेवायचा. एका वेळी सहा भोकं. खाली एकट्याने सहाही वाती पेटवायच्या, पाळण्यात बसायचं, हाळी द्यायची, वर यायचं, उतरून दगडांच्या आडोशाला जायचं. सात वितींत हे सगळं निवांत उरकून वर गप्पा मारायला वेळ उरायचा. पण त्यामुळे भेंडोळं तिसऱ्याच दिवशी संपायचं आणि पुढचे दिवस सगळी माणसं यारीखाली माश्या मारत बसायची.

"उस्ताद," बागवाला एके दुपारी म्हणाला, "बोअरवाला म्हणतोय, दोन दिवसांत भोक पाडून देतो."

"भोकाला पाणी लागेलच असं नाही, मालक."

"तुमच्या खड्ड्याला तरी कुठं लागलंय?" मग त्याची नजर घमेलं घेऊन चाललेल्या मास्तरणीकडे गेली. "ही तुमची पोरगी सकाळी काय शिकते म्हणे? फार वरचं गणित?"

"हो," उस्ताद म्हणाला. तेवढ्या एका 'हो'ने त्याची मान ताठ झाली.

"मग तिला विचारा की, वात किती पुरेल. सात-सात वीत जाळताय. का तिच्या गणिताचाही नुसता धूरच?"

बायका हसल्या. इंजिनावरून दादाही हसला. "बघ गं मास्तरणी. नाहीतर तो सकाळचा वर्ग सोड आणि इंजिन तरी पुसायला ये. मला तेवढाच हात."

थट्टाच होती, पण निम्मीच. वर्ग सोडायची गोष्ट घरात आजवर चार वेळा निघाली होती आणि चारही वेळा उस्तादाने "बघू" म्हणून ती टोलवली होती. पाचव्या वेळी तो काय म्हणेल याची तिला खात्री नव्हती. बाप तिच्याकडे बघत होता. त्या बघण्यात आर्जव होतं, आणि तेच तिला सहन झालं नाही. तिने घमेलं खाली ठेवलं आणि म्हणाली, "दोन दिवस द्या. सांगते."

तिने दादाचं घड्याळ मागून घेतलं. मोकळ्या जमिनीवर एक वीत वात पेटवून पाहिली, पाच वेळा, दर वेळी बापाच्याच हाताची वीत. वितीला तीस सेकंद लागत. एक वात पेटवायला बापाला चार सेकंद, म्हणजे सहांना चोवीस. आठ पुरुषांवरून पाळणा वर यायला अठ्ठेचाळीस, म्हणजे पुरुषामागे सहा. उतरून आडोशाला जायला वीस. वर चार सेकंद भीतीचे म्हणून धरले. मग तिने आठ पुरुषांपासून तेरापर्यंत आलेख काढला. रेघ सरळ आली, सुरेख, पट्टीने मारावी तशी. बारा बोटांची एक वीत धरली तर आठ पुरुषांना तीन वीत आणि अडीच बोटं पुरे होती. पुढे पुरुषागणिक आणखी अडीच बोटं. बारा पुरुषांना बरोबर चार वीत.

वही तिने सरांपुढे ठेवली. सरांनी उभ्या उभ्याच वाचली, मग खुर्ची ओढून परत वाचली. शेवटी लाल पेनने मोठी बरोबरची खूण केली आणि उरलेल्या चौघांना वही दाखवली. "पुस्तकातली आगगाडी कोणासाठी धावत नाही, बाळांनो. हे बघा. याला गणित म्हणतात." त्यांनी हात झटकले आणि भुकटी उडाली. तिला त्या दिवशी घरी चालत जाववेना, धावतच गेली.

पुठ्ठ्यावर तक्ता करून तिने तो यारीच्या खांबाला टांगला. डावीकडे पुरुष, उजवीकडे वीत आणि बोटं. बागवाल्याने तो चष्मा लावून वाचला. दादा म्हणाला, "हे बोर्डाच्या परीक्षेत विचारतात?" आणि उत्तराची वाट न बघता इंजिनाकडे गेला. वर्ग सोडायची गोष्ट मात्र पुन्हा निघाली नाही.

एका भेंडोळ्यात आता आठवडा निघायला लागला. विहीर भराभर उतरू लागली. कामावरची माणसं तिला बघून घमेली बाजूला घ्यायची. उस्ताद तर पार बदलला. आधी वात कापताना तो विहिरीत वाकून बघायचा, कपाळ चोळायचा, मोजून झाल्यावर थोडी आणखी सोडायचा. आता तक्त्यावर बोट ठेवायचा आणि तेवढीच, केसभरही जास्त नाही, कापायचा. जास्त ठेवणं म्हणजे लेकीवर शंका घेतल्यासारखं त्याला वाटायचं.

नऊ पुरुषांवर तो आडोशाला पोचून टेकला आणि मग पहिला आवाज झाला. दहावर तो टेकायला वाकत होता. तेव्हा आई म्हणाली, "आज लवकर झाला."

"तक्त्यावर आहे तेवढीच होती," उस्ताद म्हणाला.

"मी तक्त्याचं नाही म्हणत. लवकर झाला म्हणते."

"तुझ्या मनाचं घड्याळ आहे ते. लेकीचं सेकंदाचं आहे."

सगळे हसले. मास्तरीणही हसली, पण त्या संध्याकाळी तिने वही काढून बेरजा पुन्हा तपासल्या. एकही चूक नव्हती. अकरा पुरुषांवर उस्ताद आडोशापासून पाच-सहा पावलांवर असतानाच पहिला सुरुंग उडाला. कोणाला लागलं नाही. बारीक खडी तेवढी आकाशातून पडली, पावसाच्या सड्यासारखी, आणि उस्तादाच्या टोपीवर टकटक वाजली. तो टोपी झटकत आला. "माझेच पाय जड झाले," म्हणाला. "म्हातारा झालो की."

त्याचं वय सत्तेचाळीस होतं. आईने पदराने त्याच्या मानेवरची खडी झाडली. वात ओली असेल, घड्याळ मागे पडत असेल, बाबा खरंच सावकाश चालत असतील, असं एकेक कारण मास्तरणीने शोधलं आणि प्रत्येक कारण तिला पुरेसं वाटलं. आपलं गणित हे कारण तिने शोधलं नाही. त्याच्यावर लाल खूण होती.

बारा पुरुषांचा सुरुंग ज्या दिवशी लागायचा, त्या सकाळी सरांनी वर्गात शिवणाच्या मशीनचं दोऱ्याचं रीळ आणलं होतं.

"बदलाचा वेग कालपर्यंत एकच होता," ते म्हणाले. "आजपासून वेगच बदलणार. हे बघा. रीळ भरलेलं आहे. एक फेरा फिरवला. किती दोरा आला?" त्यांनी दोरा ओढून पट्टीला लावला. मग भराभर सगळा दोरा सोडवला. टेबलावर गुंता पडला. लाकडाला चिकटून दोन-चार वेढे राहिले. "आता एक फेरा फिरवतो. किती आला?"

"अर्धासुद्धा नाही," मागचा एक जण म्हणाला.

"का? फेरा तोच. फिरवणारा तोच. पण रीळ बारीक झालं! आता उलट गुंडाळायला लागलो तर?"

"आधी सावकाश गुंडाळेल," मास्तरीण म्हणाली. "मग जाड होत जाईल तसं..."

तिला ढोल दिसला. आठ पुरुषांवर पाळणा असायचा तेव्हा ढोलावर दोराचे जाड थर असायचे. बारा पुरुषांवर गेला की ढोल उघडा पडून आतलं लोखंड दिसायचं. रोज बघत होती ती. इंजिन तेवढंच फिरणार, पण तळचे चार पुरुष पाळणा मुंगीच्या पावलाने चढणार. पुरुषामागे सहा सेकंद हे फक्त वरच्या आठांचं खरं होतं. रेघ सरळ नव्हतीच. ती वाकत होती, आणि जेवढं खाली जावं तेवढी जास्त वाकत होती.

"सर, यारीचा ढोल," ती म्हणाली. "मी सरळ रेघ धरली."

सरांच्या हातात रीळ तसंच राहिलं. "आज किती पुरुषांवर आहे?"

"बारा."

"कधी उडवतात?"

"साडेआठला."

आठ वाजून दहा मिनिटं झाली होती. सरांच्या ओठांचा रंग उडाला. "मी खूण केली होती त्याच्यावर," ते म्हणाले, आणि मग त्यांचा तो पन्नास पोरांचा आवाज आला, "सायकल घे! माझी सायकल, कुलूप नाही तिला!"

सायकल उंच होती, सीटवर बसलं की पाय पुरत नव्हते. ती उभ्यानेच दामटत निघाली. बाजारातून, गोदामांच्या रांगेमागून, मग कच्च्या वाटेने. वाटेत एकदा आपटली, गुडघा फुटला, ते तिला दुसऱ्या दिवशी कळलं. बागेच्या कुंपणापाशी आली तेव्हा यारीचं इंजिन चालू होतं. आई आणि बायका आडोशामागे गेल्या होत्या. म्हणजे बाप खाली होता.

"दादा, पेटवू नका म्हणावं!"

"काय?" दादाने कानाला हात लावला. इंजिनाच्या धडधडीत काही ऐकू जात नव्हतं. आणि त्याच वेळी विहिरीतून उस्तादाची ती लांब हाळी आली: "ओऽऽढ!"

दादाने कळ दाबली. दोर ताणला गेला. ढोल फिरायला लागला, उघडाबोडका, आणि मास्तरणीने आयुष्यात पहिल्यांदा त्याच्याकडे नीट बघितलं. एक पूर्ण फेरा, आणि दोर जेमतेम हातभर वर आला.

"जोरात घे! वात आखूड आहे, दादा, जोरात!"

दादाने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि काही न विचारता इंजिन होतं तेवढं उघडलं. इंजिनाने काळा धूर ओकला. ती मोजत होती. पेटवण्यात गेलेले चोवीस धरून चाळीस. साठ. ऐंशी. काठावर पालथी पडून तिने आत बघितलं. बाप खालून वर बघत होता. तिला बघून त्याने हात हलवला, घरी यायला लवकर सुटलीस का, असं विचारावं तसा. शंभर. पाळणा वेग घ्यायला लागला. एकशे दहाला तो काठाशी आला, दादाने आडवा हात वळवला, उस्तादाने उजवा पाय काढून जमिनीवर ठेवला.

"बाबा, उडी मारा!"

डावा पाय अजून पाळण्यात होता. पहिला सुरुंग उडाला. विहिरीच्या तोंडातून धूर आणि दगड एकदम वर आले, पाळणा घंटेसारखा वाजला आणि फिरला, आणि उस्ताद त्याच्यासकट फिरला. दुसरा उडाला, तिसरा. मास्तरणीला कोणीतरी मागे ओढलं, ती आई होती. सहा आवाज झाल्यावर इंजिन दादाने बंद केलं, आणि मग बापाचा आवाज ऐकू यायला लागला.

डाव्या पायाचं घोट्याखालचं काही राहिलं नाही. दवाखान्यात उरलंसुरलं काढून टाकलं आणि वर पांढरं बंडल बांधलं. तिसऱ्या दिवशी परवानेवाला खाटेपाशी आला, वही उघडून. आई उशाशी होती, मास्तरीण पायाशी. म्हणजे पाय होता त्या बाजूला.

"वात किती होती, उस्ताद?"

"पोरीने पाच वीत सांगितली होती," उस्ताद डोळे मिटून म्हणाला. "मी चार कापली. वाचेल तेवढी वाचवावी म्हटलं. हाव."

"म्हणजे चूक तुमची."

"माझीच. लिहून घ्या."

"बाबा..." मास्तरीण म्हणाली. तेवढ्यात आईने तिचा दंड धरला, असा की नखं रुतली. परवानेवाला लिहून गेला. मग आई तिला बाहेर बाकड्यावर घेऊन आली. "तक्ता मी चुलीत घातला," ती म्हणाली. "तुझ्या बापाने एक पाय दिला आणि वर खोटं बोलला, ते तुझ्या वर्गासाठी. आता तोंड उघडून दोन्ही वाया घालवू नको."

सर दोनदा घरी येऊन गेले. उस्तादाच्या समोर बसायचे, चहा निववायचे, एकदाही गणिताचं नाव काढायचे नाहीत. जाताना दारात ते मास्तरणीला म्हणाले, "असलं गणित परीक्षेत कोणी विचारत नाही, पण ते बरोबर आहे का, हे तू मला विचारलं होतंस." ती वर्गाला जात राहिली. उत्तरं बरोबर यायची, आणि प्रत्येक बरोबर उत्तराची तिला भीती वाटायची. ढोलाचं गणितही तिने केलं, थरावर थर धरून, सगळं. तेरा पुरुषांना वात किती, तो आकडा काढून चौकटीत लिहिला आणि वही पुस्तकांच्या तळाशी सारली.

चौथ्या आठवड्यात बागवाला दारात उभा राहिला. झाडं शेंड्यापर्यंत वाळत आली होती. भेंडोळं आलंय, म्हणाला, एक पुरुष तर उरलाय. दादा म्हणाला, "मी उतरतो खाली. इंजिन मास्तरीण धरेल."

दुसऱ्या दिवशी सगळे विहिरीवर गेले. उस्तादाने हट्टाने आपली खुर्ची काठाजवळ मांडून घेतली, पायाचं बंडल उलट्या घमेल्यावर टेकवलं. भोकं पाडून झाली, सुरुंग भरून झाले. दादाने भेंडोळं सोडलं आणि सुरी काढली.

"किती?" त्याने विचारलं.

सगळे तिच्याकडे बघत होते. बायका, आई, बागवाला. उस्ताद तर असा बघत होता की जणू काही घडलंच नाही.

"मागच्या वेळी बाबांनी चूक केली नाही," ती म्हणाली. आई पुढे आली, पण तिने आईचा हात झटकला. "मीच चार सांगितली होती. तक्त्यावर चारच होती. गणित माझं चुकलं. त्यांचा पाय माझ्यामुळे गेला."

"गप्प बस," उस्ताद हळूच म्हणाला, "लोकांसमोर काय बोलतेस."

बागवाल्याने घसा साफ केला. "म्हणजे तेव्हा चुकलं होतं."

"हो."

"मग आता दुरुस्त केलं असशील ना?"

तिला वाटलं होतं, लोक ओरडतील. कोणीतरी थोबाडीत मारेल, निदान दादा तरी. आता या घरात कोणी आपल्याला आकडा विचारणार नाही, असं वाटलं होतं. "केलं," ती म्हणाली.

"मग झालं की. सांग."

दादा सुरी घेऊन उभा होता. त्याचा चेहरा मोकळा होता, आणि त्यावर संशयाचा लवलेश नव्हता. हा माणूस आता पाळण्यात बसून खाली जाणार होता.

"मी खाली उतरते," ती म्हणाली. "वाती मी पेटवणार. मग आकडा सांगते."

"वेड लागलं का?" दादा म्हणाला.

"पोरखेळ आहे का हा?" बागवाला म्हणाला.

"मी उतरणार नसेन तर आकडा नाही. तुमच्या अंदाजाने कापा. मी घरी जाते."

या पोरीला उस्तादाने कधी काठावरून वाकूनसुद्धा बघू दिलं नव्हतं. मग त्याने खुर्चीचे हात घट्ट धरले. "काडी वाऱ्याला आडवी धरू नको," तो म्हणाला. "एक पेटली की दुसरीकडे बघायचं, पेटलेलीकडे परत बघायचं नाही. सहा झाल्या की मोजत बसू नको. बसायचं आणि हाळी द्यायची."

"पाच वीत," ती दादाला म्हणाली.

आईने तिची वेणी सदऱ्याच्या आत खोचली आणि डोक्याला फडकं आवळून बांधलं. आईचे हात गार पडले होते.

दादाने इंजिन धरलं आणि पाळणा खाली सोडला. वरचा उजेड ताटाएवढा झाला, मग वाटीएवढा. भिंतींना पाण्याचा वास होता. तळाला पाय टेकले तेव्हा आपला श्वास तिला कोणा दुसऱ्याचा वाटला. सहा वाती दगडांतून सापासारख्या वर आल्या होत्या. पहिली काडी विझली. दुसरी पेटली. वातीने फुरफुरून ठिणग्या टाकल्या आणि धूर तिच्या नाकातोंडात गेला. बापाला एकीला चार सेकंद लागायचे. तिला सहा लागत होते, कदाचित सात. हे आपण धरलेलं नाही, हे तिला चौथ्या वातीपाशी कळलं. पाचवी. सहावी दोनदा हुकली. ती पाळण्यात पडली आणि ओरडली, आणि तिची हाळी एवढी बारीक निघाली की वर पोचली की नाही तेच कळेना. तिने पुन्हा ओरडून पाहिलं. दोर ताणला गेला.

पाळणा उठला. उठला म्हणण्याइतकाही उठला नाही. खालच्या सहा ठिणग्या तिच्या गुडघ्याशी होत्या, मग पावलांशी, आणि तिथेच राहिल्या. भिंतीतला एक दगड तिच्यासमोर आला, पांढऱ्या शिरेचा, आणि तो जाता जाईना. आलेखातली ती वाकलेली रेघ ही होती. कागदावर ती बोटभर होती. बाप रोज यातून वर येत होता, तिच्या तक्त्यावर भरवसा ठेवून. ती मोठ्याने रडायला लागली. हळूहळू भिंत सरकायला लागली, मग पळायला लागली, वाटीचं ताट झालं, आणि काठावर आईने तिला दंडाला धरून ओढून घेतलं. दोघी पळाल्या. आडोशाच्या शेवटच्या दगडाला तिचा हात लागला आणि पहिला सुरुंग उडाला. तिने सहा मोजले. खडी वरून पडत राहिली.

"बघा!" सगळ्यांत आधी बागवाला बोलला. "पाच वीत. आडोशाला पोचली आणि उडाला. बिनचूक!"

ती दगडामागे वाकून ओकली. आईने पाठ धरली. तोंड पुसून ती बाहेर आली तेव्हा तिचे दात वाजत होते, त्यामुळे प्रत्येक शब्द वेगळा काढावा लागला.

"उद्यापासून आठ कापायची. झरा लागेपर्यंत आठच."

"पण पाच बरोबर आलं ना?" बागवाला म्हणाला. "आत्ता तर बघितलं सगळ्यांनी. मग आठ कशाला?"

"तुम्ही एकदा खाली जाऊन या," ती म्हणाली. "मग विचारा."

बागवाला हसला, आणि कोणी हसत नाही असं बघून थांबला. त्याने उस्तादाकडे पाहिलं. उस्तादाचा सदरा घामाने पाठीला चिकटला होता आणि खुर्चीच्या हातांवरची त्याची बोटं अजून सुटली नव्हती.

"आठ," उस्ताद म्हणाला.

दादाने भेंडोळं उचललं आणि उद्यासाठी वीत मोजायला बसला. धूर अजून वर येत होता. बागवाल्याने सवयीने खाली वाकून एक खडा उचलला, थोडा वेळ हातात धरला, आणि विहिरीकडे न जाता तसाच टाकून दिला.